गोठलेल्या तळ्यावर चार चक्कर

माझे वडील नालबंद होते. पुण्यात कॅम्पात त्यांची लहानशी भट्टी होती. टांग्याचे घोडे, घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबांचे घोडे, लग्नाच्या वरातीतले घोडे, सगळ्यांचे पाय त्यांच्या मांडीवर येऊन गेले. शाळा सुटली की मी डबा घेऊन भट्टीवर जायची. तापलेली नाल खुरावर टेकली की जळक्या शिंगासारखा वास उठायचा आणि तो वास फ्रॉकला घेऊनच मी घरी यायची.

म्हणून झुरिकला राहणाऱ्या मुलीनं फोनवर विचारलं, "आई, जानेवारीअखेर सेंट मॉरिट्झला गोठलेल्या तळ्यावर पोलो असतो, बघायला येशील?" तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अगं, घोडा बर्फावर उभा कसा राहतो?" तिला उत्तर देता येईना. ते आपल्या डोळ्यांनी पाहावं म्हणून वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून मी निघाले.

कूर या गावाहून निघालेली लाल आगगाडी सुमारे दोन तासांत सेंट मॉरिट्झला पोहोचवते. हा अल्बुला मार्ग 1904 साली सेंट मॉरिट्झपर्यंत आला आणि 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. वाटेत लांडवासरचा 65 मीटर उंचीचा दगडी पूल लागतो. गाडी त्याच्यावरून वळण घेते आणि पूल संपता क्षणी उभ्या कड्यातल्या बोगद्यात शिरते. डब्यातले सगळे खिडकीशी गोळा झाले. सोबत मुलगी, जावई आणि नात होती. नातीनं माझा हात घट्ट धरला, तो बोगदा संपेपर्यंत सोडला नाही.

सेंट मॉरिट्झ हे आल्प्सच्या एंगादीन खोऱ्यातलं गाव, समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरच्या वर. आज जगभरच्या धनिकांची ही हिवाळी पेठ. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथं हिवाळ्यात कुणी चुकूनही येत नसे. उन्हाळ्यात झऱ्यांचं औषधी पाणी प्यायला लोक यायचे आणि शरद सरला की जायचे. गोष्ट अशी सांगतात की 1864 च्या शरदात योहानेस बाड्रूट नावाच्या हॉटेलवाल्यानं घरी निघालेल्या चार इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात या, इथं ऊन असतं, नसलं तर तुमचा प्रवासखर्च माझा. ते नाताळाला आले आणि ईस्टरपर्यंत राहिले. डोंगरातला हिवाळी पर्यटनाचा धंदा इथूनच सुरू झाला, असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. त्याच बाड्रूटच्या कुल्म हॉटेलात 1878 साली विजेचे दिवे लागले, ते स्वित्झर्लंडमधले पहिले. पुढं 1928 आणि 1948 अशी दोन हिवाळी ऑलिंपिक इथं झाली.

घोडे मात्र पोलोच्या कितीतरी आधी तळ्यावर आले. 1907 पासून इथं बर्फावर शर्यती होतात, त्या फेब्रुवारीत. पोलो आला 1985 साली. रेटो गाउडेन्झी हा याच गावचा हॉटेल व्यवसायातला माणूस. त्यानं गोठलेल्या तळ्यावर पोलोची स्पर्धा भरवून दाखवली. पुढं इतर थंड गावांनीही बर्फावरचा पोलो उचलला. (आपल्या वाचकांना या तळ्याची ओळख वेगळ्या कारणानं असेल: 2018 साली वीरेंद्र सेहवाग आणि शाहिद आफ्रिदी यांचे संघ इथंच बर्फावर क्रिकेट खेळले होते.)

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच तळं. तळं म्हणायचं, पण पाणी कुठं दिसतच नाही. पांढरंशुभ्र, सपाट मैदान, त्यावर तंबूंचं शहर, झेंडे, माणसं, गाड्या, आणि भोवती गडद सूचिपर्णी झाडांनी भरलेले डोंगर. उन्हानं डोळे दिपत होते. काठावरून मी पहिलं पाऊल बर्फावर टाकलं आणि थबकले. पायाखाली काही ठिकाणी चाळीस मीटरहून खोल पाणी असताना त्यावर तंबू ठोकायचे, हजारो माणसं उभी करायची, वर पाचशे किलोचे घोडे पळवायचे, हे मनाला पटेना. जावई अभियंते आहेत. त्यांनी मला तिथंच, उभ्या उभ्या समजावून सांगितलं आणि ते मला फार आवडलं, म्हणून इथं देते.

पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर राहतं, म्हणून तळं वरून गोठतं, तळातून नाही. वरचा थर एकदा धरला की थंडी त्यातून झिरपत खाली जाते आणि थर खालच्या अंगानं जाड होत जातो. आपण मराठीत दोन्हींना बर्फच म्हणतो, पण आकाशातून पडणारं भुसभुशीत हिम वेगळं आणि पाणी गोठून झालेला कठीण बर्फ वेगळा. हिमात हवा अडकलेली असते. ते गोधडीसारखं काम करतं: वरची थंडी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे तळं गोठल्यावर लगेच भरपूर हिम पडलं, तर खालचा बर्फ जाड व्हायचा थांबतो. म्हणून इथली माणसं सुरुवातीचं हिम बाजूला करतात किंवा दाबून काढतात, जागोजागी भोकं पाडून जाडी मोजतात आणि पुरेसा थर भरला की मगच तंबूंचं सामान तळ्यावर आणतात. खेळासाठी मात्र वर पुन्हा हिमाचा दाबून घट्ट केलेला थर लागतो, कारण नुसत्या काचेसारख्या बर्फावर कुठलंच जनावर धावणार नाही.

हे ऐकत असताना पायाखालून एक लांब, घुमणारा आवाज गेला. दूरवर कुणी मोठी तार छेडावी तसा. माझा जीव गोळा झाला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हसून हात हलवला. ऊन चढलं की बर्फ पसरतो, रात्री आकसतो, त्याचे हे आवाज. त्यात धोका नसतो. ते गृहस्थ त्याच गावचे, कुत्र्याला घेऊन आलेले. काठावरून आणि बाकांवरून सामना पाहायला तिकीट पडत नाही. खास तंबूत जेवण, शॅम्पेन आणि गालिचे असतात, त्याला बरेच पैसे पडतात. तिकडं लांब फरचे कोट घातलेल्या बायका, डोक्यावर फरच्याच टोप्या, हातात नाजूक पेले. मला ते सगळं पाहायला आवडलं. उन्हात हिऱ्यांसारखं चमकणारं हिम आणि त्यावर सजूनधजून आलेली माणसं यांत एक उत्सव असतो, आणि उत्सवाला माणसानं नटूनच जावं.

मग शिंग वाजलं आणि घोडे आले.

पोलो म्हणजे घोड्यावरून लांब दांड्याच्या लाकडी हातोड्यानं चेंडू मारत समोरच्या दोन खांबांमधून काढायचा खेळ. गवतावर चार-चार खेळाडूंचे संघ असतात आणि मैदान एवढं मोठं की त्यात फुटबॉलची अनेक मैदानं मावतील. बर्फावर मैदान लहान, कडेनं फळ्या आणि संघ बहुधा तिघांचा. चेंडूही वेगळा. गवतावरचा चेंडू मोसंब्याएवढा, कडक आणि पांढरा. हा लहान पपनसाएवढा, हवा भरलेला, हलका आणि भडक रंगाचा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरा दिसायचा कसा? हातोडा उजव्याच हातात धरायचा, डावखुऱ्यालासुद्धा सवलत नाही. समोरासमोर येणाऱ्या दोघांचे घोडे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून हा नियम. प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलतात.

पण या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा नियम डोळ्यांना दिसत नाही. चेंडू मारला की तो ज्या रेषेत जातो, ती रेषा मारणाऱ्याची. तिला आडवं कापून कुणी घोडा घालायचा नाही. घातला तर दोष. रस्त्यावर सरळ जाणाऱ्याला वाट द्यावी तसंच. खांद्याला खांदा लावून समोरच्याला त्या रेषेवरून ढकलता येतं, पण आडवं येता येत नाही. अर्धटन वजनाची जनावरं भरधाव एकमेकांशेजारून जातात आणि तरी बहुतेक वेळा धडकत नाहीत, ते या एका अदृश्य रेषेमुळं. हे कळल्यावर मी चेंडूकडे बघणं सोडलं आणि रेषेकडे बघू लागले, आणि खेळ एकदम उलगडला.

खेळाडूंना गुणांकन असतं, उणे 2 पासून 10 पर्यंत. दहाचे खेळाडू जगात बोटांवर मोजण्याएवढे, आणि त्यांतले बहुतेक अर्जेंटिनाचे. एका संघात असे पगारी, अव्वल खेळाडू आणि त्यांच्यासोबत संघाचा खर्च उचलणारा हौशी धनिक स्वतःही घोड्यावर, ही पोलोची जुनी रीत. संघांची नावं हॉटेलांची, घड्याळांची, मोटारींची.

सामन्याचे भाग असतात चार. प्रत्येक भाग सुमारे सात मिनिटांचा, त्याला म्हणतात चकर. ध्वनिक्षेपकावरून तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला आणि मी मुलीकडे वळून म्हणाले, "हा तर आपला चक्कर!" आपलाच आहे तो. इंग्रजांनी पोलो हिंदुस्थानातून उचलला, त्याबरोबर शब्दही उचलला. एक चक्कर खेळला की खेळाडू घोडा बदलतो, कारण एवढ्या जोरात कुठलंच जनावर सलग दोन चक्कर पळू शकत नाही. त्यात या उंचीवर हवा जवळजवळ पंचमांशानं विरळ. म्हणून घोड्यांना आधीच वर आणून त्या हवेची सवय लावावी लागते.

पहिला चक्कर संपला तशी मी उठले. मला घोड्यांकडे जायचं होतं.

तंबूंच्या मागच्या अंगाला घोडे बांधले होते. इथं कुणी फरचा कोट घातलेला नव्हता. इथं होते मोतद्दार, बहुतेक दक्षिण अमेरिकेतले, जाड जाकिटातले तरुण. अर्जेंटिनात त्यांना पेतिसेरो म्हणतात. एकजण घामानं थबथबलेल्या घोडीला पुसत होता. तिच्या अंगातून वाफ निघत होती, उन्हात ती सोनेरी दिसत होती. पुसून झाल्याबरोबर त्यानं तिच्यावर जाड झूल टाकली. घोड्याला थंडीचं फारसं वाटत नाही, पण खेळासाठी अंगावरचे केस कापलेले असतात आणि घाम ओला असतो, तेव्हा मात्र वारा लागता कामा नये. चारही पायांना पट्ट्या, शेपटी घट्ट वेणी घालून वर बांधलेली, आयाळ पार कापलेली, म्हणजे हातोडा आणि लगाम कशातच अडकणार नाहीत.

नात शाळेत स्पॅनिश शिकते. तिनं त्याला सांगितलं की माझे पणजोबा घोड्यांना नाल ठोकायचे आणि आजीला खूर बघायचाय. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं घोडीच्या पोटरीवरून हात खाली नेला, तिनं आपण होऊन पाय उचलला आणि त्यानं तो खूर माझ्यासमोर धरला. वडील असाच हात फिरवायचे. वरून खाली, न थांबता, म्हणजे जनावराला आधी कळतं की पाय मागतायत.

घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखासारखाच, महिन्याला जवळजवळ एक सेंटीमीटर वाढणारा. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी जुनी नाल काढून, खूर कापून, कानसून पुन्हा ठोकावी लागते. तळवा सपाट नसतो, आत खोलगट असतो. साध्या नालेनं घोडा हिमावर चालला की त्या खोलगट भागात हिम भरतं, वजनानं दाबलं जातं आणि त्याचा कडक गोळा होतो. मग घोडा उंच टाचेच्या चपलेवर उभा राहिल्यासारखा डगमगतो, त्याचा पाय मुरगळतो. पूर्वी थंड देशांत गाडीवान खुराच्या आत चरबी चोपडायचे, हिम चिकटू नये म्हणून. इथं त्या पोरानं मला दाखवलं: नाल आणि खूर यांच्यामध्ये रबराची गादी. घोडा पाय टेकवतो तेव्हा ती दबते, उचलतो तेव्हा उसळते आणि आत साचलेलं हिम बाहेर फेकते. प्रत्येक पावलाला. आणि नालेच्या मागच्या टोकांना कठीण धातूच्या खुंट्या, बर्फात रुतण्यासाठी. या खुंट्यांचं माप चुकलं की पंचाईत: लहान पडल्या तर घोडा घसरतो, मोठ्या झाल्या तर पाय जमिनीला इतका धरतो की वळताना खूर थांबतो आणि वरचा सांधा पिळवटतो.

मला उत्तर मिळालं होतं. ते चार हजार मैलांवरच्या आमच्या भट्टीत वडिलांनी मला चिखलाच्या निमित्तानं सांगितलेलंच होतं: पायानं धरावंही आणि सोडावंही. पावसाळ्यात टांग्याच्या घोड्याला डांबरी चढावर पकड हवी म्हणून ते नालेची टाच थोडी उंच ठेवायचे, पण एखाद्या मालकानं "अजून वाढवा" म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

मी त्या पोराला चक्कर शब्दाचं सांगितलं. तो लहानपणापासून दिवसातून पन्नास वेळा तो शब्द म्हणत होता. तो कुठून आला हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तो माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, आपल्यासारखा, क ला जोर देऊन. तेवढ्यात मैदानावर शिंग वाजलं, त्यानं झूल काढली आणि दुसऱ्या घोडीला घेऊन पळाला. संध्याकाळी बक्षिसं झाली. पोलोत चषक माणसांना मिळतो, पण सर्वोत्तम घोड्यालाही झूल देऊन गौरवण्याची जुनी चाल आहे. मला ती चाल सगळ्या खेळांत पसरावीशी वाटते: घोडा असो की बैल, पळणाऱ्याचा मान त्याच्या अंगावर दिसला पाहिजे.

परतीच्या गाडीत नातीनं विचारलं, "मग हा खेळ आपल्याकडं कुठं खेळायचे?"

मणिपूरला. तिथं त्याचं नाव सगोल कांगजै: सगोल म्हणजे घोडा. सात-सात जणांचे संघ, चेंडू बांबूच्या मुळाचा, आणि गोलाचे खांब नाहीत. चेंडू समोरच्या कडेपलीकडे गेला की गोल. मैतेई लोकांचा मार्जिंग हा देव या खेळाचा देव मानला जातो. तिथून तो ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पाहिला आणि 1859 साली आसामातल्या सिल्चरला पहिला क्लब काढला. 1862 मध्ये कोलकात्याला क्लब निघाला, तो आजही आहे. दहा वर्षांच्या आत खेळ इंग्लंडात पोहोचला, तिथून अर्जेंटिनात, आणि तिथल्या गवताळ प्रदेशात पैदास झालेल्या घोड्या आज आल्प्सच्या तळ्यावर पळतात. पोलो हे नावसुद्धा हिमालयातलं, बाल्टी भाषेत त्याचा अर्थ चेंडू.

जगाला हा खेळ ज्यानं दिला तो मणिपुरी तट्टू माझ्या छातीच्याही खाली भरेल एवढा, साडेतीन-चार फुटांचा, पण चिवट. त्यांची चरण्याची पाणथळ कुरणं घरांनी आणि रस्त्यांनी भरत गेली, आणि चारा गेला तशी तट्टं गेली. मणिपूर सरकारनं 2013 साली ही जात धोक्यात असल्याचं जाहीर केलं. 2019 च्या पशुगणनेत ती अकराशेहूनही कमी उरली होती. आपल्याकडं भीमा-नीरेच्या काठचं भीमथडी तट्टूही असंच दुर्लक्षानं मागं पडत गेलं. धनगरांनी ते बिऱ्हाड वाहायला जपलं म्हणून टिकलं आणि आता कुठं त्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. ज्यांच्याकडे ते काम करतं त्यांनीच ते वाचवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. मणिपुरातही ज्यांच्या अंगणात हे तट्टू बांधलेलं आहे, त्या घोडेवाल्यांना कुरण आणि चारा मिळाला तरच ते टिकेल.

सेंट मॉरिट्झला जमलं तर जरूर जा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला स्पर्धा असते. खाली खिळे असलेले बूट घाला, काळा चष्मा घ्या, आणि दोन चक्करांच्या मध्ये उठून मागं घोड्यांकडे चक्कर मारा. पण इंफाळला जाणं झालं तर तिथलं मापाल कांगजैबुंग चुकवू नका. जगातलं सगळ्यात जुनं, अजून खेळतं पोलोचं मैदान ते. तिथं एखादा सामना बघा, आणि सामना संपल्यावर तट्टू बांधणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला, त्याला चारा कुठून मिळतो ते विचारा.